डेक्कन कॉलेजातील विद्वानांची पिढी

प्रश्न : पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वज्ञ सांकलिया, मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांच्यासारखे विद्वान एकाच वेळी कसे लाभले? नामवंत प्राध्यापक नेमले की विद्यापीठ मोठे होते, असे समजावे काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण उल्लेखलेले तिघेही १९३९ मध्ये संस्थेत आले तेव्हा नामवंत नव्हते, तिघांनी नुकतीच तिशी ओलांडली होती. सरकारने १९३४ मध्ये बंद केलेले हे जुने महाविद्यालय माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात लढून वाचवले आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. त्यामुळे पदवीच्या वर्गांचे तास या मंडळींच्या मागे लागले नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच ठरली. (अभिमत विद्यापीठाचा दर्जा फार उशिरा, १९९० मध्ये मिळाला.)

महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सांगण्याची रीत होती, त्या काळात सांकलियांनी प्रवराकाठच्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये आणि पुढे नेवासे येथे सहकारी व विद्यार्थ्यांना घेऊन उत्खनन केले. काळ्या रेघांची नक्षी असलेली तांबडी, तोटीची भांडी तेथे निघाली. नेवाशाला तर घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या मडक्यांत पुरलेली लहान मुले सापडली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा, शेती करून वस्तीने राहणारा समाज या मातीतून प्रथमच इतका स्पष्ट दिसला.

इरावतीबाई समाजशास्त्र व मानवशास्त्राच्या. तरीही गुजरातेतील लांघणजच्या उत्खननात, जेथे मानवी सांगाडे मिळाले, त्या सांकलियांबरोबर होत्या. भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. विषयांच्या भिंती आड न येता असे एकत्र काम होणे आजही विरळाच!

कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे, म्हणजे प्रत्येक शब्दाचा वापर काळाच्या ओघात कसा बदलत गेला हे दाखवणाऱ्या शब्दकोशाचे, काम हाती घेतले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून प्रत्येक प्रयोगाची वेगळी चिठ्ठी लिहायची, अशी पद्धत. चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली आणि पहिला खंड निघायला १९७६ साल उजाडले. दरवर्षी फळ मागणाऱ्या व्यवस्थेत हे काम पहिल्या दशकातच गुंडाळले गेले असते. म्हणून नुसत्या नेमणुकांनी विद्यापीठ मोठे होते, हे मला पटत नाही. तरुण अभ्यासक पारखून त्यांना पुरेसा अवधी द्यावा लागतो.

पुण्याला येणे झाल्यास येरवड्याच्या आवारातील पुरातत्त्व संग्रहालय अवश्य पाहावे.