सारख्याच किमतीच्या दोन गाड्यांतली एकच का खपते?

तुमचा प्रश्न असा, की किंमत, इंजिन, फीचर्स जवळपास सारखी असूनही एक मॉडेल धडाधड विकलं जातं आणि दुसऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, असं का. माझा कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा धंदा आहे, म्हणून मी याकडे दुसऱ्या टोकाने बघतो. नवी गाडी घ्यायची ठरली की बरेच जण आधी आमच्यासारख्याला फोन लावतात आणि विचारतात, "पाच वर्षांनी विकायला काढली तर हिचे किती येतील?"

मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा घ्या. 2019 च्या जूनमध्ये टोयोटाने ग्लान्झा आणली. ती म्हणजे बलेनोच, सुझुकीच्याच गुजरातमधल्या कारखान्यात बनलेली, फक्त लोगो आणि तोंडवळा थोडा वेगळा. वॉरंटी तर जास्त होती: बलेनोला तेव्हा 2 वर्षं, ग्लान्झाला 3. तरी 2023-24 मध्ये बलेनोचा खप ग्लान्झाच्या तिपटीहून जास्त होता. यातलं एक कारण अगदी साधं आहे: मारुती जितक्या गाड्या बनवून देईल तितक्याच टोयोटा विकणार, आणि मारुतीची शोरूम्स लहान गावांतही पोहोचलेली आहेत. पण दुसरं कारण माझ्या दारात रोज दिसतं. जी गाडी गल्लीत चार जणांकडे आहे, तिचा बंपर कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत असतं, मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला असतो. म्हणून जुन्या बाजारात तिला उठाव असतो, भाव टिकतो, आणि भाव टिकतो म्हणून नवीन घेणाराही तीच घेतो. खपते म्हणूनच आणखी खपते.

मग हे चक्र पहिल्यांदा फिरतं कसं? माझ्या मते, प्रतिस्पर्ध्याने एखादी जागा मोकळी सोडलेली असते. रेनोची डस्टर 2012 ला आली तेव्हा त्या आकाराची, त्या किमतीची एसयूव्ही इथे जवळजवळ नव्हतीच. खराब रस्त्यावर ती काय चालायची! आजही चालते. पण आतून साधी, आणि सुरुवातीला ऑटोमॅटिक नव्हतं. 2015 मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणली ती काही स्वस्त नव्हती, पण पेट्रोल, लहान डिझेल, मोठं डिझेल आणि डिझेलमध्ये ऑटोमॅटिक, असं सगळं पहिल्याच दिवशी मांडून ठेवलं. गाडी बघायला घरातली चार माणसं येतात. मुलाला स्क्रीन हवी असते, वडिलांना डिझेल, आईला मागे ऐसपैस बसायचं असतं. क्रेटा त्या चौघांपैकी कुणालाच 'नको' म्हणायला जागा देत नव्हती. पुढे 2020 मध्ये पूर्ण नवी क्रेटा आली, 2024 मध्ये पुन्हा नवा चेहरा. डस्टरची मात्र रंगरंगोटीच होत राहिली.

त्यात एप्रिल 2020 ला बीएस-6 हे धुराचे कडक नियम लागू झाले, डिझेल इंजिन त्यात बसवणं महाग पडायचं. मारुती, रेनो, फोक्सवॅगन, स्कोडा यांनी डिझेल सोडून दिलं. ह्युंदाई आणि कियाने ठेवलं. ज्याचं रोजचं फिरणं जास्त, त्याला या आकाराच्या गाडीत पर्यायच दोन-तीन उरले. पुढे स्कोडाची कुशाक, फोक्सवॅगनची टायगन आल्या, चालवायला फार मजेदार, पण डिझेल नाही म्हटल्यावर आमच्याकडचं बरंच गिऱ्हाईक पहिल्या मिनिटातच कटायचं.

नुसत्या कंपनीच्या नावावर गाडी खपते असंही समजू नका. मारुतीची इग्निस 2017 पासून बाजारात होती, लहान, उंच, शहरात मस्त. चालली बेताचीच. टाटाची पंच 2021 ला आली, आकाराने फार मोठी नाही, पण बॉनेट उभं, बसायला उंच, ग्लोबल एनसीएपीच्या अपघात-चाचणीत 5 स्टार, नंतर सीएनजी आणि इलेक्ट्रिकसुद्धा. 2024 मध्ये तिने मारुतीकडचा खपातला चाळीस वर्षांचा पहिला नंबर काढून घेतला. इग्निसकडे बघून लोक म्हणायचे 'हॅचबॅक', पंचकडे बघून म्हणतात 'एसयूव्ही'. चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीला कर कमी, त्यामुळे किंमतही आवाक्यात. दिसण्याला हसू नका, गाडी घराच्या दारात उभी राहणार असते.

भीतीचाही वाटा मोठा आहे. शेवरोलेने 2017 च्या शेवटी भारतातली विक्री थांबवली (त्यांचा तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे), 2021 मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून कमी खपाच्या कुठल्याही ब्रँडबद्दल "ही कंपनी टिकेल ना?" हे विचारलं जातंच. गाडी कितीही चांगली असली तरी सेल्समन त्याला काय उत्तर देणार?

आणि एक. दर महिन्याला बातम्यांत 'विक्री' म्हणून येणारे आकडे बहुतेकदा कंपनीने डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात. त्यातल्या किती लोकांच्या घरी गेल्या हे बघायचं असेल तर आरटीओ नोंदणीचे, 'वाहन' पोर्टलवरचे आकडे बघा. सणाच्या आधीच्या महिन्यात या दोन आकड्यांत बराच फरक पडू शकतो.