शुक्राचा ‘दिवस’ नेमका केवढा?

कागलच्या एका शिक्षिकेने विचारलंय: “‘शुक्रावरचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो’ असं फळ्यावर लिहिलं. पाचवीतला एक जण म्हणाला, म्हणजे तिथं दिस उगवायच्या आत वर्ष सरतंय व्हय? माझं वाक्य चुकलं का?”

बाई, पोरगं हुशार आहे. त्याने ‘दिवस’ हा शब्द घरात ऐकला तसाच धरला.

आपल्याकडे शिवारात सूर्याला सूर्य कोण म्हणतं? दिस उगवतो, डोक्यावर येतो, कलतो, बुडतो. सकाळी तो ‘कासराभर वर’ आलेला असतो. आकाशातली उंची बैलाच्या दोरीने मोजायची. (कोल्हापूर शहरात मात्र मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्या किरणोत्सवात दिवसही नाही नि सूर्यही नाही, ‘आज किरणं कुठवर आली?’ एवढंच.) म्हणजे मराठीत दिवस हा काळही आहे आणि आकाशातला गोळाही. तो एकदा उगवल्यापासून पुन्हा उगवेपर्यंत एक दिवस. पंचांगवाले यालाच सावन दिन म्हणतात; हिंदीतल्या ‘सावन’शी, म्हणजे श्रावण महिन्याशी, त्याचा काही संबंध नाही.

शुक्र स्वतःभोवती एक फेरी पृथ्वीवरच्या २४३ दिवसांत घेतो आणि सूर्याभोवती २२५ दिवसांत. फळ्यावरचं वाक्य या दोन आकड्यांवरून आलं. पण २४३ ही ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली फेरी, म्हणजे नाक्षत्र दिन. शुक्र स्वतःभोवती पृथ्वीच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे तिथं दिस पश्चिमेला उगवतो आणि पुन्हा उगवायला सुमारे ११७ दिवसच लागतात. एका वर्षात जवळजवळ दोनदा! आपल्याकडे तासाभरात दिस कासराभर वर येतो असं धरलं, तर शुक्रावर तेवढं चढायला त्याला पाचेक दिवस लागतील. अर्थात गंधकाम्लाच्या दाट ढगांमुळे तो जमिनीवरून दिसायचाच नाही, ते सोडा.

असाच घोळ २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३चं विक्रम लँडर चंद्रावर उतरलं तेव्हा झाला. ‘एक चांद्रदिवस म्हणजे पृथ्वीवरचे १४ दिवस’ असं सगळीकडे छापून आलं. तिथला ‘दिवस’ म्हणजे फक्त उजेडाचा काळ, पंचांगातलं दिनमान. एका उगवतीपासून दुसरीपर्यंत चंद्रावर साडेएकोणतीस दिवस जातात. रात्रीसकट सांगायचं असेल तिथं ‘अहोरात्र’ हा चांगला शब्द पडून आहे, तो वापरायला काय हरकत आहे?

मंगळावर यानं चालवणाऱ्यांनी ही कटकटच ठेवली नाही. तिथला दिवस २४ तास ४० मिनिटांच्या आसपास, त्याला ते ‘सोल’ म्हणतात. लॅटिनमध्ये सोल म्हणजे सूर्य. आपल्या म्हाताऱ्यांचीच रीत.

आता तुमचं वाक्य. नाक्षत्र दिन धरला तर चूक नाही, पण पाचवीच्या पोरांना ते सांगत बसण्यापेक्षा बुधाकडे वळा. बुधाचं वर्ष ८८ दिवसांचं. दोन वर्षांत तो स्वतःभोवती बरोबर तीन गिरक्या घेतो, आणि तेवढ्यात दिस उगवतो एकदाच, १७६ दिवसांनी. म्हणजे दिस पुन्हा उगवायच्या आत तिथं खरंच वर्ष सरतं, एक नव्हे, दोन. तेव्हा वाक्य खोडू नका, नुसतं ‘शुक्रा’ पुसून तिथं ‘बुधा’ लिहा.