येसण तीच, कासरा बदलतो

प्रश्न : सर, पोरगी अमरावतीला एमएस्सी केमिस्ट्री करते. कापूस वेचायला सुट्टीत आली तं सांगत होती का सोन्याच्या नॅनोकणांवर रसायन बांधतात अन् पाहिजे तेव्हा सोडवतात. मंग तीच म्हणते का गंधक सोन्याला चिकटलं की लवकर सुटत नाही. मंग सोडवतात काय? मी बारावी सायन्स, पुढं शेतीच.
– एक वाचक, दिग्रस तालुका

उत्तर : भाऊ, पोरगी दोन्ही बरोबर सांगते, फक्त गाठी दोन आहेत. बैलाच्या नाकातली येसण रोज कोणी काढते का? कासरा मात्र सकाळी लावतो अन् औत सुटलं की काढतो. इथंही तसंच, कणावर बसवलेल्या लांबट रेणूचं एक टोक गंधकाचं, ते सोन्याला धरून राहते, ही झाली येसण. (तीही काही अमर नाही बरं, खूप तापवलं किंवा दुसरं थायॉल, म्हणजे असंच गंधकाचं टोक असलेलं रसायन, भरपूर टाकलं तं हळूहळू निसटते.) खरा खेळ बाहेरच्या टोकावर, तो आपला कासरा. तिथं हायड्राझोनसारखा बंध (आल्डिहाइड नावाचं रसायन जोडून होणारा) ठेवला तं थोडं आम्ल अन् पाणी मिळालं की तो तुटतो, अन् तिथंच दुसरं आल्डिहाइड टाकलं तं ते जुन्याच्या जागी जाऊन बसते. कण तोच, वरचा अंगरखा नवा, अन् कण पाण्यात राहील का तेलात, मोकळा राहील का गोळा होईल, हे सगळं त्या अंगरख्यावरच ठरते. बोरॉनिक आम्ल साखरेला असंच धरते अन् सोडते. डायसल्फाइडचा, म्हणजे गंधकाला गंधक जोडलेला, बंध लावला तं तो पेशीत तुटतो, कारण तो तोडणारं ग्लुटाथायोन नावाचं रसायन रक्तापेक्षा पेशीत कितीतरी जास्त असते, म्हणून औषध आत गेल्यावरच सुटावं यासाठी तो वापरतात.

मला स्वतःला आवडतो तो डीएनएचा प्रकार. 1996 मध्ये अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ चॅड मिर्किन अन् त्यांच्या सोबत्यांनी सोन्याच्या कणांवर डीएनएचे धागे लावले, जोडीचा धागा टाकला की कण एकमेकांजवळ येऊन सुट्या कणांचं लाल द्रावण जांभळट पडते, तापवलं की धागे सुटून परत लाल, थंड केलं की परत जांभळं.

आता उलट बाजू. सायट्रेटचा (लिंबातल्या आम्लाच्या क्षाराचा) साधा थर असलेल्या कणांत मीठ टाकलं तरी लाल द्रावण निळं पडते, पण तिथं कण एकमेकांना असे चिकटून बसतात की मंग कितीही पाणी ओता, लाली काही परत येत नाही. लॅबमध्ये सोन्याचं द्रावण असलं तं पोरीला म्हणा, चिमूटभर मीठ टाकून मोबाईलवर व्हिडिओ काढून आण.