भाजी महाग पण आणि टिकत पण नाही, असं का?

प्रश्न : आम्ही राजापूरला राहतो. जून लागला की भाजीचे भाव ऐकूनच पोटात गोळा येतो. बहीण कोल्हापूरला असते, ती फोनवर भाव सांगते तेव्हा इथला कधीकधी दीडपट निघतो. बरं एवढे पैसे मोजून कोथिंबिरीची जुडी दुसऱ्या दिवशी काळी पडते आणि टोमॅटो दिसायला लालभडक पण सारात घातला तर चवच नाही. भाजीवाले लुटतात का हो आम्हाला?
– एक वाचक भगिनी, राजापूर

उत्तर : ताई, सगळे लुटतात असं मी अजिबात म्हणणार नाही. आपल्याकडे पावसात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, त्यात टोमॅटो, कोबी, फ्लॉवर बाजाराला पुरेल एवढा पिकत नाही, म्हणून तो घाटावरून येतो. पहाटे कोल्हापूरला सौदा होतो, मग हमाली, आडत म्हणजे दलाली, टेम्पोचं भाडं, अणुस्कुरा घाट, त्यात दरड आली की फोंडा किंवा आंबा घाटातून वळसा, आणि तो माल आपल्या बाजारात उतरेपर्यंत क्रेटमधला खालचा थर दबलेला असतो. जो सडका काढून टाकावा लागतो त्याचे पैसे उरलेल्या चांगल्यावरच चढतात, भाजीवाली ते दुसरीकडून कुठून आणणार?

कोथिंबीर ओलीच काढतात, ओलीच घट्ट बांधतात, जुडीच्या आत वाफ धरते आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. घरी आणल्या आणल्या जुडी सोडा, पिवळी-काळी पानं काढा, पंख्याखाली पसरून पाणी सुकू द्या आणि कोरड्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. न धुता ठेवायची, धुवायची ती वापरताना.

टोमॅटोचं दुखणं वेगळं आहे. लांब पाठवायचा म्हणून जाड सालीचं हायब्रिड लावतात, हिरवट-गुलाबी असतानाच तोडतात, तो वाटेत लाल होतो पण वेलीवर पिकल्याची चव त्याला कुठून येणार. त्यात आपण घरी आणून लगेच फ्रीजमध्ये टाकतो, थंडीने उरलासुरला वासही जातो. एक-दोन दिवस टोपलीत बाहेर ठेवा, फरक कळेल. आणि फारच महाग झाला तर सरळ आमसुलं घाला, २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून गेला होता, तेव्हा आमच्याकडे महिनाभर आमसुलावरच सार झालं आणि कोणी तक्रार केली नाही.

कांदा मात्र मे महिन्यातच भरून ठेवा. उन्हाळी कांदा मार्च ते मे निघतो, पुढे तोच कांदाचाळीत साठवलेला माल सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा असतो, नवा खरिपाचा म्हणजे पावसाळी हंगामाचा कांदा दिवाळीच्या आसपास यायला लागतो, त्यामुळे मधल्या महिन्यांत भाव चढतो आणि कांद्याला कोंबही फुटलेले असतात. अलिबागचा पांढरा कांदा माळ गुंफून विकतात ते टांगून ठेवायला सोयीचं म्हणूनच, वारा लागतो आणि एक सडला तर चटकन दिसतो. साधा कांदाही पोत्यात कोंबू नका, हवेशीर पसरून ठेवा.

आता माझं कळकळीचं सांगणं. पावसात आपल्या मातीत जे येतं ते आधी घ्या. आधी टाकळा, भारंगी या रानभाज्या, अळू, मग दोडकी, पडवळ, भेंडी, तवशी म्हणजे पावसाळी काकडी. बाजाराच्या कडेला मावश्या वाटे लावून बसतात ना, ती भाजी बऱ्याचदा त्याच सकाळी काढलेली असते, घाट चढलेली-उतरलेली नसते. तिथे दहा रुपये जास्त पडले तरी पानं टाकायला लागत नाहीत म्हणजे हिशोब तिकडेच येतो. त्यांच्याशी घासाघीस करू नका हो, डोक्यावर टोपली घेऊन चालत आलेल्या असतात त्या.

गणपतीत चाकरमानी आले की तर विचारूच नका, ऋषीपंचमीच्या भाजीला वाटेल तो भाव. परसात चार हात जागा असेल तर मृगाच्या सुमाराला दोडका-पडवळ टोचा आणि वर मांडव घाला, दोन महिन्यांत धरायला लागतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘कोकण हरिता’ दोडका आणि ‘कोकण श्वेता’ पडवळ हे वाण आपल्या पावसासाठीच काढलेत, बियाणं मे संपायच्या आत विचारून ठेवा, नंतर मिळताना पंचाईत होते.