मुलीला घरी कन्नड शिकवून खरंच काही फायदा आहे का?

तुम्ही मराठी, बायको हुबळीची, मुलगी तीन वर्षांची आणि प्लेग्रुपच्या मॅडम म्हणतायत घरी फक्त इंग्लिश बोला नाहीतर ती कन्फ्यूज होईल. प्लीज कन्नड बंद करू नका. का ते सांगतो, थोडं लांबेल.

माझी आजी धारवाडची. लग्न होऊन शनिवार पेठेत आली आणि मराठी अशी शिकली की मंडईत भाव करताना ती मूळची कानडी आहे हे कुणाला कळायचं नाही. घरात कन्नड ऐकू यायचं ते फक्त तिची बहीण आली की. बाबांना समजायचं पण बोलता यायचं नाही, आणि आमच्यापर्यंत तर काहीच पोचलं नाही. बाबा तिच्या आधी गेले. ऐंशीनंतर तिला डिमेन्शिया झाला आणि पहिली गेली ती मराठी. हे बऱ्याच जणांचं होतं, नंतर शिकलेली भाषा आधी विरते आणि लहानपणची मागे राहते. शेवटचं दीड वर्ष ती कन्नडच बोलायची. मी तिला वरणभात भरवायचो, ती मान फिरवून "साकु, साकु" म्हणायची आणि मला वाटायचं साखर मागतीये, म्हणून मी भातावर चिमूटभर साखर घालून पुढचा घास तोंडाशी न्यायचो. असं कितीतरी दिवस चाललं. मग निपाणीहून तिची भाची आली, तिने ते बघितलं आणि माझा हात धरला. साकु म्हणजे पुरे.

त्यामुळे फायदा काय असं कुणी विचारलं की मला करिअर वगैरे आठवतच नाही, तो घास आठवतो. तुमच्या मुलीच्या अज्जी आज फोनवर तिच्याशी जे बोलतात ते तिला सरळ कळायला हवं, मध्ये आईने ट्रान्सलेट न करता.

आता कन्फ्यूजनचं. मुलं एका वाक्यात दोन भाषा मिसळतात ते गोंधळून नाही, जो शब्द आधी सापडला तो वापरतात, आणि समोर कोण आहे बघून भाषा बदलायलाही लवकर शिकतात. प्रत्येक भाषेतले शब्द सुरुवातीला थोडे कमी वाटतील पण सगळ्या भाषांचे मिळून मोजले तर बरोबरीला येतात. आणि दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हे खरं नाही, उशीर वाटलाच तर स्पीच थेरपिस्टला दाखवा, पण भाषा तोडू नका. इंग्लिश शाळेत येणारच आहे हो, पुण्यात ती टाळतो म्हटलं तरी टळत नाही. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असंच म्हणतं.

शिवाय कान. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळे असतात, मराठीत तो भेद नाही. मी आता चाळिशीत शिकतोय, अजून पटकन ऐकू येत नाही. तुमच्या मुलीला ते न शिकवता मिळेल. (आपले अक्का, अण्णा तिकडचेच, आणि गदगचे भीमसेनजी पुण्यात राहून अभंग आणि दासवाणी, म्हणजे कन्नड संतांची पदं, दोन्ही गायले, म्हणजे हे काही परकं नाहीये.)

एकच गोष्ट सांभाळा. नुसतं समजणं पुरत नाही, बाबांचं तेच झालं. आईने तिच्याशी कायम कन्नडच बोलायचं, मुलीने मराठीत उत्तर दिलं तर रागवायचं नाही, तेच वाक्य कन्नडमध्ये म्हणून पुढे जायचं. लिपीची घाई नको. आणि मे महिन्यात तिला हुबळीला पाठवा, मामाच्या पोरांबरोबर अंगणात खेळू दे, तिथे कन्नड बोलल्याशिवाय तिचा डाव येणारच नाही.