ज्याला काढायचंय, त्याने थांबावं

प्रश्न : मॅडम, कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही लिनक्सवर चालणारे गेटवे बॉक्स बनवतो. दोन इथरनेट पोर्ट जोडून एक लिंक करणारं, बाँडिंग ड्रायव्हरच्या धर्तीचं कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जोडायचा कोड) आम्ही स्वतः लिहिलंय. ट्रॅफिक चालू असताना एक पोर्ट काढला की कधीमधी कर्नल नल पॉइंटरवर, म्हणजे कुठलाच पत्ता नसलेल्या पॉइंटरवर, कोसळतो. दरवेळी नाही, हीच खरी पंचाईत. सहकाऱ्याने पॅकेट घेणाऱ्या फंक्शनमध्ये ‘नल असेल तर परत जा’ अशी ओळ टाकली आणि सध्या तरी सगळं शांत आहे. पण आमचे सीनियर म्हणतात, प्रत्येक पॅकेटच्या वाटेत तपासणी नको, वेग जाईल. कोणाचं खरं? कोड सोबत पाठवतोय.
– एक वाचक, कुपवाड

उत्तर : ओळ काढा. सीनियरांचा निर्णय बरोबर आहे, पण त्यांनी सांगितलेलं कारण तुमच्या बॉक्सला लागू पडत नाही. ‘वेग जाईल’ म्हटलं की आमच्या क्षेत्रात पुढची चर्चाच बंद होते, आकडा कोणी मागत नाही. आपण मागू.

तुमचे पोर्ट १ गिगाबिटचे. सर्वांत लहान इथरनेट फ्रेम ६४ बाइटची; तारेवर तिच्या पुढचा-मागचा भाग धरून ८४ बाइट होतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १४ लाख ८८ हजार पॅकेट्स आणि एका पॅकेटला ६७२ नॅनोसेकंद. कायम एकाच बाजूला जाणारा ‘इफ’ प्रोसेसर आधीच ओळखून बसतो, त्याला एक नॅनोसेकंदही लागत नाही. शिवाय जो पॉइंटर तुम्ही तपासताय तो पुढच्या ओळीला वाचायचाच आहे. तेव्हा एवढ्या एका ओळीने तुमचा बॉक्स हळू होणार नाही. १० गिगाबिटला मात्र तेच गणित ६७ नॅनोसेकंदांवर येतं, प्रोसेसरच्या ३ गिगाहर्ट्झच्या एका कोअरला जेमतेम २०० सायकल. तिथे कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) नसलेली एक गोष्ट मेमरीतून आणायची म्हटली तरी सगळा वेळ संपतो. कर्नलच्या नेटवर्किंगची मंडळी एकेका तपासणीवरून भांडतात ती याच हिशेबाने.

मग ओळ का काढायची? कारण तिने बग मिटलेला नाही. तुमच्याच कोडात बघा. सहकाऱ्याने लिहिलंय : पोर्टचा माहिती-पॉइंटर नल असेल तर परत जा. त्याच्या खालच्याच ओळीत पोर्टमधून तोच पॉइंटर पुन्हा वाचून त्यातला मोजणीचा आकडा वाढवलाय. वाचन दोनदा झालं. पहिल्या आणि दुसऱ्या वाचनामध्ये दुसऱ्या कोअरवर पोर्ट काढणारा कोड तो पॉइंटर नल करू शकतो. फट बारीक झाली, बुजली नाही. आता हा बग तुमच्या टेबलावर दिसायचा बंद होईल आणि गिऱ्हाइकाकडे दिसेल.

बरं, पॉइंटर एकदाच वाचून स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवला तर? नलचा प्रश्न सुटतो आणि त्याहून वाईट प्रश्न उघडा पडतो. पॉइंटर नल केल्यावर लगेच पुढच्या ओळीत तुम्ही ती मेमरी मोकळी करताय. ज्या कोअरने क्षणभर आधी चांगला पॉइंटर उचलला, तो आता परत केलेल्या मेमरीत लिहितोय. नलवर कर्नल निदान जागच्या जागी पडतो आणि ओळ दाखवतो. इथे भलत्याच मॉड्यूलचा डेटा खराब होईल आणि तुम्ही आठवडाभर त्या मॉड्यूलच्या नावाने खडे फोडत बसाल.

मुळात चुकलंय कुठे? तुमच्या पोर्टच्या स्ट्रक्चरमध्ये दोन पॉइंटर आहेत : एक हँडलर फंक्शनचा (पॅकेट आलं की बोलावायचं ते फंक्शन), दुसरा त्या हँडलरच्या माहितीचा. पोर्ट काढताना तुम्ही दोन्ही लागोपाठ नल करता. पॅकेट घेणाऱ्या कोअरने हँडलर वाचला, तो जिवंत होता, म्हणून फंक्शन बोलावलं. तेवढ्यात दुसऱ्या कोअरने दोन्ही पुसले. फंक्शन आत जाऊन माहिती वाचतं, तर ती नल.

अगदी हाच प्रसंग लिनक्सच्या खऱ्या बाँडिंग ड्रायव्हरवर २०१३ मध्ये आला होता. तिथेही दोन पॉइंटर होते, आरएक्स हँडलर (पॅकेट घेणारा) आणि त्याचा डेटा. नेटवर्किंगचा कोड वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या एरिक दुमाझे यांनी तो दुरुस्त करताना दोन्ही वाटा मांडल्या : बाँडिंगच्या आणि त्याच्यासारख्या इतर हँडलरांमध्ये नलची तपासणी घालायची, किंवा हँडलर काढणाऱ्या फंक्शनमध्ये दोन पुसण्यांच्या मध्ये ‘सिंक्रोनाइझ नेट’ ही एक हाक टाकायची. त्यांनी दुसरी वाट धरली, कारण पॅकेटच्या वाटेत त्याने काहीच वाढत नाही. माझ्या मते तिचा आणखी मोठा गुण म्हणजे दुरुस्ती एकाच जागी होते. पहिल्या वाटेने गेलं तर ब्रिज, मॅकव्हीलॅन, टीम अशा प्रत्येक ड्रायव्हरच्या हँडलरमध्ये कोणीतरी आठवणीने तपासणी घालायला हवी, आणि उद्या नवा हँडलर लिहिणाऱ्याला ते कोण सांगणार?

ही हाक काय करते ते सांगलीच्या आयर्विन पुलावर उभं राहून सांगते. पुलाचं काम काढायचं तर आधी दोन्ही तोंडांना बॅरिकेड लावायचं. नवी गाडी चढणार नाही. पण आधीच पुलावर असलेल्या गाड्या उतरू द्यायच्या, शेवटची सांगलीवाडीला पोचली की मगच पहार मारायची. प्रत्येक गाडीवाल्याला ‘खाली पूल आहे का बघून चाला’ असं कोणी सांगत नाही. थांबायचं ते काम काढणाऱ्या ठेकेदाराने. हँडलर नल करणं म्हणजे बॅरिकेड, आणि सिंक्रोनाइझ नेट म्हणजे शेवटची गाडी उतरेपर्यंत थांबणं.

तर तुमच्या कोडात क्रम असा लावा. आधी हँडलर नल. मग सिंक्रोनाइझ नेट. ते परतलं की माहितीचा पॉइंटर नल करा आणि मेमरी मोकळी करा. पोर्ट जोडताना बरोबर उलटं : आधी माहिती भरा, मग हँडलर लावा, आणि लावताना ‘आरसीयू असाइन पॉइंटर’ वापरा. (आरसीयू म्हणजे रीड-कॉपी-अपडेट, वाचणाऱ्यांना न अडवता बदल करण्याची कर्नलची पद्धत.) तुमचा प्रोसेसर एआरएमचा आहे. साधं लिखाण केलं तर दुसऱ्या कोअरला हँडलर आधी आणि माहिती नंतर दिसू शकते, आणि पोर्ट काढताना सुटलेला बग जोडताना भेटेल.

वाचणाऱ्या बाजूला हँडलर आणि माहिती दोन्ही एकाच आरसीयू रीड लॉकच्या आत, ‘आरसीयू डिरेफरन्स’ने वाचा. नाव लॉक असलं तरी तो कोणाला अडवत नाही. प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरं चढवण्याची सोय) नसलेल्या कर्नलमध्ये त्या लॉकसाठी प्रोसेसरला द्यायची एकही सूचना तयार होत नाही; प्रीएम्प्शन असेल तर चालू टास्कचा स्वतःचा एक आकडा वाढतो नि कमी होतो. कोअर-कोअरमध्ये ओढाताण नाही. आरसीयू २००२ मध्ये लिनक्समध्ये आलं ते अशाच ठिकाणांसाठी, जिथे वाचणारे अमाप आणि बदलणारा क्वचित.

आता तुम्ही अडखळणार आहात ती जागा. तुमचं पोर्ट काढण्याचं सगळं काम स्पिनलॉकच्या (न झोपता, गोल फिरत वाट बघायला लावणाऱ्या कुलपाच्या) आत आहे. सिंक्रोनाइझ नेट झोपतं, आणि स्पिनलॉक धरून झोपता येत नाही. ते काम आरटीएनएल म्युटेक्सखाली, म्हणजे नेटवर्कच्या मांडणीतले बदल सांभाळणाऱ्या कर्नलच्या कुलपाखाली, आणा. तिथे झोपायला हरकत नाही, उलट आरटीएनएल धरलेला दिसला की सिंक्रोनाइझ नेट स्वतःच घाईचा मार्ग घेतं. थांबणं फुकट नाही, पण पोर्ट काढायला काही मिलिसेकंद जास्त लागले तर कोणाचं बिघडतं? हजारो इंटरफेस एका लूपमध्ये काढत असाल तर बिघडतं. मग सगळ्यांचे हँडलर आधी पुसून एकदाच थांबा.

खात्री करायला तात्पुरता विलंब मुद्दाम वाचणाऱ्या बाजूला घाला, हँडलर वाचल्यावर आणि माहिती वाचायच्या आधी, काही मायक्रोसेकंदांचा. कर्नलच्याच पॅकेट जनरेटरने लहान पॅकेटांचा मारा करा आणि दुसरीकडे पोर्ट जोडा-काढा चालू ठेवा. जुना कोड लवकरच पडायला हवा. तो पडला नाही तर चाचणीच चुकलीय, नव्या कोडला पास म्हणू नका. कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं) आणि लॉकडेप (कुलपांच्या चुका पकडणारं) ही कर्नलची दोन्ही साधनं चालू ठेवूनच हे करा. वेगाचं मोजमाप मात्र ते बंद करून, वेगळं.

प्रश्न : पॉइंटर वापरण्याआधी नल तपासला की काम झालं, असं आम्हाला शिकवलंय. मित्र म्हणतो, कंपायलर ती तपासणी काढून टाकू शकतो. थापा मारतोय का?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कऱ्हाड

उत्तर : मित्र खरं बोलतोय. २००९ मध्ये लिनक्सच्या टन ड्रायव्हरमध्ये (आभासी नेटवर्क पोर्ट बनवणाऱ्या) नेमकं हेच झालं. फंक्शनच्या सुरुवातीलाच टन पॉइंटरमधून सॉकेटचा पॉइंटर काढला होता आणि टन नल आहे का ही तपासणी त्याच्या खाली. कंपायलरने विचार केला, वर वापरलाय म्हणजे नल असूच शकत नाही, आणि तपासणी उडवली. एरवी नुसता कोसळला असता असा कर्नल त्यामुळे हल्लेखोराच्या ताब्यात जाण्याची वाट मोकळी झाली. दुरुस्ती म्हणून ओळ तपासणीच्या खाली नेली, आणि त्याच वर्षी जीसीसी या कंपायलरला अशा तपासण्या काढू नकोस असं बजावणारा पर्याय कर्नलच्या बांधणीत कायमचा घातला गेला. तू मात्र त्या पर्यायाच्या भरवशावर राहू नकोस, तपासणी आधी लिही.

प्रश्न : आमच्या ऊप्स मेसेजमध्ये (कर्नल कोसळताना छापतो तो) ‘नल पॉइंटर’ म्हणतात, पण पत्ता शून्य नसून शेवटी १८ दिसतो. मग तो नल कसा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पॉइंटर नलच आहे. तुम्ही त्या स्ट्रक्चरमधला एखादा मेंबर वाचत होतात, आणि तो सुरुवातीपासून जितका लांब तितका पत्ता दिसतो. १८ हेक्समधला, म्हणजे २४ बाइट. पाहोल नावाचं साधन चालवून तुमच्या स्ट्रक्चरमध्ये २४व्या बाइटवर कोण बसलाय ते पाहा, पॉइंटर कोणता ते लगेच कळेल. ओळ हवी असेल तर कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली ‘डीकोड स्टॅकट्रेस’ चालवा. त्यासाठी डीबग माहिती असलेली, त्या बॉक्सवर चालू होती त्याच बांधणीची व्हीएमलिनक्स (बांधलेल्या कर्नलची) फाइल हवी. कोसळल्यानंतर नव्याने बांधलेली देऊ नका, ती चुकीची ओळ दाखवू शकते.