दादाला माळ सक्तीची, तुला बंदी

सोनू,

तुझा मेसेज आईने मला पाठवला. "दादाच्या शाळेत माळ घातली नाही तर चालत नाही, माझ्या शाळेत घातली तर चालत नाही, दोन्ही देवाच्याच शाळा आहेत ना, मग बरोबर कोण?" दादा तिकडे आळंदीच्या वारकरी संस्थेत, तू इथे ब्रिटनमधल्या चर्चच्या शाळेत, त्यामुळे प्रश्न एकदम भारी आहे. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मधेच "हो हो कळलं" करून कटवलं असतंस, म्हणून लिहूनच पाठवतोय. अडलेलं आईला विचार.

आधी दादाचं बघू. आळंदीत तुला जिकडे तिकडे जी पोरं दिसली, पांढरं धोतर नाहीतर पायजमा, वर नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं, ती सगळी एकाच शाळेची नाहीयेत. जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली, चार वर्षांचा अभ्यास, ज्ञानेश्वरी, गाथा, गीता, जोडीला गाणं आणि पखवाज, आणि तेव्हाची पोरं गावात माधुकरी मागून जेवायची. पुढे त्याच धर्तीवर गल्लोगल्ली छोट्या संस्था निघाल्या, दादा अशाच एकीत राहतो. दिवसा तो साध्या शाळेत जातो बरं का, तिथे निळी पँट आणि चेक्सचा शर्ट, आणि परत आला की धोतर. म्हणजे युनिफॉर्मचा वैताग त्याला तुझ्या डबल आहे.

आता तो जे जे अंगावर घालतो ते सगळं सारख्या वजनाचं नाहीये, हे आधी लक्षात घे, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

पांढरे कपडे हे मुळात कुठल्या शाळेने ठरवलेले नाहीतच. आपल्याकडचे शेतकरी बाजाराला जाताना, लग्नाला जाताना, वारीला जाताना असेच कपडे घालायचे, माझे आजोबा आयुष्यभर दुसरं काही घालताना मी बघितले नाहीत. मग पुढच्या पिढीने पँट-शर्ट घातला, त्याच्या पुढच्यांनी जीन्स, आणि जे सगळ्या गावाचं रोजचं होतं ते आता कीर्तनकारांचं, टाळकऱ्यांचं आणि या पोरांचं उरलं. संस्थेत टीशर्ट घालून कोणी हरिपाठाला उभं राहिलं तर महाराज परत खोलीवर पाठवतात. त्यात एक चांगलं असं की कोणाचा बाप बागायतदार आणि कोणाचा बाप ऊस तोडायला जातो हे रांगेत उभं राहिल्यावर दिसत नाही. चपला सोडल्या तर! चपलांवरून सगळं कळतं, ते तुझ्या शाळेतही बुटांवरून कळतंच की.

आणि पांढरं सांभाळणं म्हणजे काय ते दादाला विचार. पखवाजाच्या एका तोंडाला, ते मोठं असतं ना डावीकडचं, त्याला धुम म्हणतात, त्यावर ओल्या कणकेचा गोळा थापतात म्हणजे आवाज जड येतो, आणि वाजवून झाल्यावर ती कणीक खरवडून काढायची. ती धोतरावर पडून वाळली की सुटता सुटत नाही. त्यात तिथे धुवायला आई नाही, ज्याने त्याने आपली बादली घेऊन बसायचं, तू गेलीस तेव्हा तो नळावर धोतर आपटत होता आणि तू व्हिडिओ काढत होतीस.

टोपीची तर गंमतच आहे. सगळ्यांना वाटतं ही ज्ञानेश्वर-तुकारामांपासून चालत आलीय. तर ती गांधी टोपी! १९२० च्या असहकार चळवळीच्या सुमाराला ती देशभर पसरली, इंग्रजांनी काही सरकारी कचेऱ्यांत तिला बंदी पण घातली होती, आणि आपल्या शेतकऱ्याने ती अशी काही उचलली की पागोटी-मुंडाशी मागे पडली. म्हणजे आज जी टोपी घातल्याशिवाय दादाला कीर्तनात टाळ घेऊन उभं राहता येत नाही, ती जोग महाराजांची संस्था निघाली तेव्हा घरोघरी पोचलेली पण नव्हती. नियम जुना वाटला म्हणून तो जुना असतोच असं नाही.

गोपीचंदन हे रोजचं काम. आंघोळ झाली की तळहातावर पाण्याचे दोन थेंब, त्यात ती पिवळट वडी उगाळायची, कपाळावर उभं ओढायचं आणि मधे बुक्का. संध्याकाळपर्यंत घामाने निम्मं गेलेलं असतं. राहिलं एखाद्या दिवशी तर ओरडा बसतो, त्यापलीकडे काही होत नाही. आणि टिळा, माळ वगैरे घालून मिरवायचं पण मनात दया नाही अशा लोकांना तुकोबांनी सरळ भोंदू म्हटलंय, तेही याच पोरांना पाठ करावं लागतं.

पण माळ वेगळी. माळ हा कपडा नाहीच. पोरगा तुळशीची माळ घालून घेतो म्हणजे तो शब्द देतो, की मांस-मच्छी खाणार नाही, दारूला शिवणार नाही, एकादशी करीन, पंढरीची वारी करीन. ती आंघोळीला काढत नाहीत, झोपताना काढत नाहीत. माझ्या आजोबांची माळ एकदा खळ्यावर काम करताना तुटली. सगळे मणी भुशात. म्हातारा खाली बसला, एकेक मणी शोधून धोतराच्या सोग्यात ठेवत राहिला, आजी चहा घेऊन आली तर हातानेच नको म्हणाले, कारण माळ ओवून परत गळ्यात पडल्याशिवाय ते तोंडात काही घेत नसत. आम्ही पोरं पण भुसा चाळत बसलो, आम्हाला वाटत होतं दुसरी घ्या ना, दोन रुपयांची तर आहे, पण बोलायची टाप नव्हती कोणाची.

दादाने ती घातलीय दहाव्या वर्षी, काकाच्या आग्रहाने. इथे मला स्वतःला जरा अडतं. दहा वर्षांच्या पोराने जन्मभराचा शब्द द्यावा का? काका म्हणतो लहानपणीच वळण लागतं, मी म्हणतो मोठा झाल्यावर त्याला काढावीशी वाटली तर कोणी त्याला टोचून बोलायचं नाही एवढं तरी ठरवा. यावरून आमचं दर सुट्टीत वाजतं, तू ऐकलंयस.

आता तुझी. तुझी माळ तू घालून घेतलेली नाहीस, आजीने देवळाच्या वाटेवरच्या दुकानातून हौसेने घेऊन दिलीय आणि तू ती घातलीस त्याच संध्याकाळी चिकन नगेट्स खाल्लेस. मी रागावत नाहीये, फक्त सांगतोय की तुझ्या गळ्यात ती आजीची आठवण आहे. शाळेचा नियम काय, तर गळ्यात काहीही नको, खेळताना अडकतं. तो क्रॉसच्या चेनलाही लागू आहे, तू म्हणतेस तसं फक्त तुझ्यावर कोणी टपून बसलेलं नाही.

इथल्या कोर्टापुढे हे वाद गेलेत. २००७ मध्ये एका ख्रिश्चन मुलीला बोटात एक अंगठी घालायची होती, तिच्या श्रद्धेची खूण म्हणून, ती केस हरली कारण धर्माने ती घालायलाच हवी असं कुठे सांगितलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी वेल्समधली एक चौदा वर्षांची शीख मुलगी हातातल्या कड्यासाठी हायकोर्टात गेली आणि जिंकली. न्यायाधीशांनी बघितलं की तिच्यासाठी ते नुसतं दागिना नाही. या हिशोबाने दादा इथे शिकायला आला तर त्याच्या माळेसाठी मी शाळेशी भांडायला जाईन आणि बहुतेक जिंकेन, तुझ्या माळेसाठी गेलो तर मलाच हसू येईल. कोणाची श्रद्धा किती खरी हे तिसऱ्याने मोजायचं हे मला फारसं पटत नाही, पण नियमातून सूट मागायची तर कोणीतरी काहीतरी मोजणारच.

तुझा एक मुद्दा मात्र मला सोळा आणे पटला. ब्लेझरवर क्रॉसची पिन चालते आणि दुसऱ्या कुणाची पिन चालत नाही, हे बरोबर नाही. शाळा चर्चची आहे, फॉर्म आपणच भरला होता, रोजची प्रार्थना त्यांचीच असणार हे मान्य, आळंदीत जाऊन कोणी तुळशीच का म्हणून विचारत नाही. पण पिनेने खेळताना कोणाचा गळा आवळत नाही, मग पिन फक्त एकाच धर्माची का, हे विचारायला काहीच हरकत नाही. नीट विचार, हेडटीचरना मेल लिही, तुझ्या वर्गातल्या त्या पटका बांधणाऱ्या मुलाला आणि हिजाब घालणाऱ्या मैत्रिणीला पण विचार त्यांना यात यायचंय का, त्यांना नको असेल तर ओढू नकोस.

मेल तूच लिही, मी पाठवायच्या आधी बघतो. त्यात आळंदी, दादा, आजोबा काही घालू नकोस, चार ओळींत पिनेचं विचार. माळ घरी आलीस की घाल, पोहायला जाताना काढून ठेव नाहीतर मणी फुगतात. आणि आजीला फोनवर हे सगळं सांगत बसू नकोस, नगेट्सचं तर अजिबातच नको.

बाबा